अडॅप्टरवरचे लेबल : एका छोट्या मजकुराचे परीक्षण

पुस्तकांची परीक्षणे आपण नेहमी वाचतो. या वेळी परीक्षणासाठी आम्ही जो मजकूर निवडला आहे तो जेमतेम दहा ओळींचा आहे. तो अगणित प्रतींत छापला जातो, घराघरांत आणि शाळाशाळांत पोचतो, पण सहसा कुणी वाचत नाही. लॅपटॉपला वीज पुरवणाऱ्या काळ्या ठोकळ्यावर, म्हणजे अडॅप्टरवर, चिकटवलेले लेबल हा तो मजकूर.

एरवी तो न वाचल्याने काही अडत नाही. अडॅप्टर बंद पडतो किंवा हरवतो त्या दिवशी मात्र अडते. दुकानदार जुनी पिन पाहतो, दोन-तीन अडॅप्टर लावून बघतो आणि ‘हा चालेल’ म्हणतो. पुष्कळदा तो चालतोही. कधी लॅपटॉप सुरू होतो, पण बॅटरी भरत नाही. कधी अडॅप्टर इतका तापतो की त्याला हात लावता येत नाही. क्वचित लॅपटॉपच्या आतले मंडल जळते, आणि स्वस्तात केलेली खरेदी महागाच्या वस्तूला भोवते. शाळेत तर एवढ्या कारणावरून लॅपटॉप वर्षभर कपाटात पडून राहू शकतो.

योग्य अडॅप्टर निवडायला लागणारे जवळजवळ सगळे विज्ञान नववी-दहावीत शिकवले जाते. तरीही ते शिकवणारे शिक्षक आणि शिकलेले विद्यार्थी दुकानदाराच्या ‘चालेल’वर अवलंबून राहतात. असे का व्हावे? हे समजून घेण्यासाठी आपण तीन मजकूर एकमेकांशेजारी ठेवून वाचू: अडॅप्टरवरचे लेबल, लॅपटॉपच्या माहितीपत्रकातले एक ठराविक वाक्य आणि पाठ्यपुस्तकातला विजेचा धडा. तिन्ही मजकूर चुकीचे काही सांगत नाहीत. पण वाचणाऱ्याला जी एक गोष्ट कळायला हवी, ती तिन्हींत ठळकपणे येत नाही.

एका ओळीत दोन स्वभावांचे आकडे

एका सर्वसाधारण लॅपटॉपच्या अडॅप्टरवर बाहेर पडणाऱ्या विजेविषयी अशी ओळ असते: १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर. दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला तर ६५.१ येतो, म्हणून हा ६५ वॉटचा अडॅप्टर. दुसऱ्या एखाद्या अडॅप्टरवर १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअर असते, तिसऱ्यावर २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर. हे सगळेच ६५ वॉटचे.

व्होल्ट आणि अँपिअर हे दोन्ही आकडे एकाच ओळीत, एकाच जाडीच्या अक्षरांत, शेजारी शेजारी छापलेले असतात. साहजिकच वाचणारा समजतो की दोन्हींचा अर्थ एकाच प्रकारचा आहे, म्हणजे हा ठोकळा १९.५ व्होल्ट ‘देतो’ आणि ३.३४ अँपिअरही ‘देतो’. इथेच गैरसमजाचे मूळ आहे.

पहिला आकडा अडॅप्टर पाळतो. लॅपटॉप झोपलेला असो की जोरात काम करत असो, आपल्या दोन टोकांमधले विभवांतर १९.५ व्होल्टच्या आसपास ठेवायचे, हे अडॅप्टरचे काम. दुसरा आकडा ही मर्यादा आहे. प्रत्यक्षात किती विद्युतधारा वाहील हे लॅपटॉप ठरवतो. अडॅप्टर एवढेच म्हणतो की ३.३४ अँपिअरपर्यंत मागा, त्यापुढे माझी ताकद नाही. थोडक्यात, व्होल्ट अडॅप्टर ठरवतो आणि अँपिअर लॅपटॉप ठरवतो. निवडीचा सगळा प्रश्न या एका वाक्यात सामावलेला आहे.

यावर एक शंका हमखास निघते. ६५ वॉटच्या लॅपटॉपला ९० वॉटचा, म्हणजे १९.५ व्होल्ट, ४.६२ अँपिअरचा अडॅप्टर लावला तर जादा विद्युतधारा लॅपटॉपमध्ये घुसून तो जळणार नाही का? उत्तर घरातच आहे. गिझरसाठी बसवलेल्या १६ अँपिअरच्या प्लगमध्ये आपण कधी कधी मोबाइलचा चार्जर लावतो. १६ अँपिअर त्या चार्जरमध्ये घुसतात का? चार्जर आपल्याला हवी तेवढीच, अगदी थोडी विद्युतधारा घेतो. गावाच्या पाण्याच्या टाकीची उंची ठरलेली असते, पण किती पाणी वाहायचे ते आपल्या नळावर ठरते. टाकी मोठी म्हणून कुणाचा तांब्या फुटत नाही. तेव्हा व्होल्ट तेच आणि अँपिअर तितके किंवा अधिक, हा निवडीचा पहिला नियम. अधिक अँपिअरचा अडॅप्टर थोडा महाग पडेल, एवढेच.

व्होल्ट का जुळले पाहिजेत

लॅपटॉपच्या बॅटरीत लिथियम-आयन घट एकसरीत जोडलेले असतात. असा एक घट पूर्ण भरला की त्याचे विभवांतर साधारण ४.२ व्होल्ट होते. तीन घट एकसरीत असले तर १२.६ व्होल्ट, चार असले तर १६.८ व्होल्ट. उंचावरच्या हौदात पाणी चढवायचे तर दाब त्या उंचीला पुरेल असा हवा, तसे बॅटरी भरायला बाहेरून येणारे विभवांतर तिच्याहून अधिक असले की काम सोपे होते. लॅपटॉपच्या आतले मंडल मग ते हवे तितके खाली उतरवून घेते. १९-२० व्होल्ट हा आकडा इतक्या कंपन्यांच्या अडॅप्टरांवर का दिसतो, याचे उत्तर इथे मिळते.

आतले मंडल व्होल्टेज उतरवून घेत असल्यामुळे १९ आणि १९.५ यांच्यातला अर्ध्या व्होल्टचा फरक सहसा अडचणीचा ठरत नाही. मात्र ही सवलत काही शतांशांची आहे. १९ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट लावले तर लॅपटॉप बहुधा सुरूच होणार नाही. उलट, १२ व्होल्टच्या राउटरला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर लावला तर राउटर जळण्याचा धोका खराच आहे. आणि हे सहज घडू शकते, कारण पिन बसते! गोल पिनचा बाहेरचा व्यास साडेपाच मिलिमीटर असणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे. राउटर, मॉनिटर, सेट टॉप बॉक्स, काही लॅपटॉप, सगळ्यांकडे तशा पिना सापडतात. पिनचा आकार व्होल्टेजविषयी काहीच सांगत नाही. ‘बसते म्हणजे चालते’ हा दुकानातला निकष म्हणूनच अपुरा आहे.

लेबलावर आणखी एक लहानशी आकृती असते. मध्ये एक ठिपका, त्याभोवती इंग्रजी सी अक्षरासारखी कमान, आणि दोन्हींपासून निघालेल्या रेघांच्या टोकांना अधिक व उणे ही चिन्हे. पिनचा आतला भाग धन आहे की ऋण, हे ती सांगते. लॅपटॉपच्या अडॅप्टरांत आतला भाग बहुधा धन असतो. पण बहुधा म्हणजे नेहमी नव्हे, त्यामुळे जुन्या आणि नव्या लेबलांवरच्या आकृत्या जुळवून पाहाव्यात. हे चित्र नखाएवढे छापलेले असते. चूक झाली तर सर्वांत महाग पडणारी माहिती सर्वांत लहान छापायची, ही लेबलाची रचना आम्हाला पटत नाही.

पाठ्यपुस्तकाची बाजू

आता दुसरा मजकूर पाहू. महाराष्ट्रात २०१७ साली आलेल्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘धाराविद्युत’ हा धडा होता आणि २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात ‘विद्युतधारेचे परिणाम’. ओहमचा नियम, रोधांची जोडणी, विद्युत शक्ती, ज्यूलचा उष्णतेचा नियम, वितळतार असे सगळे सामान या वयात विद्यार्थ्यांच्या हाती येते. सामानाविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती वर्गात आणि परीक्षेत त्यावर जी गणिते दिली जातात त्यांच्या घाटाविषयी. तीन राशींपैकी दोन दिलेल्या असतात, तिसरी काढायची असते. विभवांतर, विद्युतधारा, रोध: कोणतेही दोन द्या, तिसरी काढा. या गणितांत तिन्ही राशींचे स्थान सारखेच. यांतले काय कोण ठरवते, हा प्रश्नच येत नाही.

या घाटात तयार झालेल्या विद्यार्थ्याला अडॅप्टरचे लेबल दिले तर तो काय करील? १९.५ भागिले ३.३४ करून ‘लॅपटॉपचा रोध ५.८ ओहम’ असे उत्तर काढील. भागाकार बरोबर, पण उत्तर निरर्थक! लिहिण्यावाचण्याचे हलके काम चालू असताना लॅपटॉप १२ वॉटच्या आसपास शक्ती घेत असेल तर त्याच १९.५ व्होल्टला विद्युतधारा सुमारे ०.६ अँपिअर असते. आता भागाकार ३२ ओहम येतो. बॅटरी भरू लागली की आणखी वेगळा. म्हणजे हा ‘रोध’ दर मिनिटाला बदलणार.

कारण असे, की लॅपटॉप हा रोधासारखा वागत नाही. त्याला ठराविक शक्ती हवी असते. समजा त्याला ४० वॉट हवेत. २० व्होल्ट मिळाले तर तो २ अँपिअर घेईल. १६ व्होल्टवर चालू शकत असेल तर २.५ अँपिअर घेईल. विभवांतर कमी झाले की विद्युतधारा वाढते! ओहमच्या नियमाने शिकलेल्या मनाला हे उलटे वाटते. पण यात नियम मोडलेला नाही. ओहमचा नियम ठराविक तापमानातल्या धातूच्या तारेला लागू आहे, प्रत्येक उपकरणाला नाही. धड्यात ही अट लिहिलेली असते. गणिते सोडवताना ती विसरली जाते. मोबाइल, लॅपटॉप, एलईडी दिवे यांनी भरलेल्या घरात राहणाऱ्या मुलांना हा फरक कळणे आता जास्त गरजेचे झाले आहे.

आम्ही सुचवू ते गणित असे: ‘दोन अडॅप्टर आहेत. पहिल्यावर १९.५ व्होल्ट, २.३१ अँपिअर आणि दुसऱ्यावर १९.५ व्होल्ट, ४.६२ अँपिअर लिहिले आहे. लॅपटॉपला जास्तीत जास्त ३.३४ अँपिअर लागतात. प्रत्येक अडॅप्टर लावल्यास काय होईल ते कारणांसह लिहा.’ यात गुणाकार-भागाकार नाममात्र आहेत, पण विचार करावा लागतो.

अँपिअर कमी पडले तर

या गणितातल्या पहिल्या अडॅप्टरचे, म्हणजे ४५ वॉटच्या अडॅप्टरचे, काय होईल? तीन शक्यता आहेत. लॅपटॉपला अडॅप्टरची ताकद ओळखता येत असेल तर तो आपली मागणी कमी करील, बॅटरी सावकाश भरील किंवा काम मंदावेल. ते ओळखता येत नसेल आणि अडॅप्टर चांगल्या घडणीचा असेल, तर मर्यादा ओलांडताच तो स्वतःला बंद करील, पुन्हा सुरू होईल, पुन्हा बंद होईल. आणि अडॅप्टर निकृष्ट असेल तर तो निमूटपणे तापत राहील.

किती तापेल याचा अंदाज ज्यूलच्या नियमावरून येतो. तारेत निर्माण होणारी उष्णता विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २.३१ अँपिअरसाठी केलेल्या वायरीतून ३.३४ अँपिअर वाहिले तर विद्युतधारा दीडपटीहूनही कमी वाढली, पण उष्णता दुपटीच्या थोडी पुढे गेली. ‘वर्गाच्या प्रमाणात’ या शब्दांचा अर्थ हाताला जाणवावा असे उदाहरण शोधणाऱ्या शिक्षकांना याहून चांगले कुठे मिळणार?

आत जाणाऱ्या विजेची ओळ

लेबलाच्या वरच्या भागात भिंतीतून आत येणाऱ्या विजेची ओळ असते: १०० ते २४० व्होल्ट, ५० ते ६० हर्ट्झ, १.७ अँपिअर. चौकस विद्यार्थी लगेच गुणाकार करील. २४० गुणिले १.७ म्हणजे ४०८. आत ४०८ आणि बाहेर ६५ वॉट? मग बाकीचे जातात कुठे?

कुठेच जात नाहीत. १.७ अँपिअर हीसुद्धा मर्यादाच आहे, आणि तीही सर्वांत वाईट परिस्थितीतली. अडॅप्टरची कार्यक्षमता ८८ टक्के धरली तर ६५ वॉट बाहेर देण्यासाठी तो साधारण ७४ वॉट आत घेतो. १०० व्होल्टच्या देशात त्याला ०.७४ अँपिअर पुरायला हवेत. पण अडॅप्टरच्या आत विजेचे एकदिशीकरण होऊन ती मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठते, आणि हा कॅपॅसिटर प्रत्यावर्ती लाटेच्या माथ्याजवळच, थोड्या वेळापुरता, भसकन विद्युतधारा ओढतो. अशा झटक्यांची परिणामी विद्युतधारा सरळ भागाकाराने येणाऱ्या आकड्यापेक्षा बरीच जास्त भरते. त्यात उत्पादक सुरक्षिततेसाठी आणखी भर घालतो. म्हणून हा आकडा मोठा दिसतो. आपल्याकडच्या २३० व्होल्टला तो त्याहून कितीतरी कमी विद्युतधारेत भागवतो.

अडॅप्टर निवडताना या ओळीचा उपयोग एवढाच, की २३० व्होल्ट तिच्या पल्ल्यात बसतात ना ते पाहायचे. पण खरेदीच्या वेळी हीच ओळ गोंधळ करते. कुणी १.७ हा आकडा जुळवत बसतो आणि ३.३४ कडे दुर्लक्ष करतो. कोणती ओळ आत येणाऱ्या विजेची आणि कोणती बाहेर जाणाऱ्या, हे बारीक इंग्रजी शब्दांत सांगितलेले असते. आतबाहेरचा बाण काढला असता तर काय बिघडले असते?

कंपनीचे एक वाक्य

तिसरा मजकूर माहितीपत्रकातला. ‘आमच्या कंपनीने पुरवलेलाच अडॅप्टर वापरा’ अशा अर्थाचे वाक्य त्यात असते. सल्ला म्हणून तो सुरक्षित आहे, शिक्षण म्हणून निरुपयोगी. का, ते तो सांगत नाही. आणि कारण न देता दिलेला सल्ला लोक गैरसोय होताच सोडून देतात.

एका बाबतीत मात्र या वाक्यामागे ठोस कारण असू शकते. डेल कंपनीच्या अनेक लॅपटॉपांच्या गोल पिनमध्ये मधोमध एक बारीक सुईसारखी पिन असते. अडॅप्टरमधल्या एका चिमुकल्या चिपकडून तिच्या वाटे लॅपटॉपला कळते की हा अडॅप्टर इतक्या वॉटचा आहे. ओळख पटली नाही तर लॅपटॉप तसे पडद्यावर सांगतो, बॅटरी भरणे थांबवू शकतो आणि कामाचा वेग कमी करतो. व्होल्ट बरोबर, अँपिअर बरोबर, पिनही बसते, तरी बॅटरी भरत नाही, या कोड्याचे उत्तर पुष्कळदा इथे असते. कधी कधी अडॅप्टर मूळचाच असतो, पण ती सुई वाकलेली किंवा तिची वायर तुटलेली असते.

ओळख विचारण्याची ही रीत चुकीची नाही. ताकद ओळखून मागणी बेताची ठेवणे चांगलेच. पण ती भाषा एका कंपनीपुरती ठेवली की ग्राहक त्याच दुकानाला बांधला जातो, आणि चालू स्थितीतला दुसऱ्या कंपनीचा अडॅप्टर कचऱ्यात जातो.

सर्वांची एक भाषा

यावरचा उपाय म्हणजे यूएसबी टाइप-सी. लंबगोल तोंडाची, दोन्ही बाजूंनी बसणारी ही पिन आता नव्या मोबाइलप्रमाणे पुष्कळ लॅपटॉपांनाही असते. युरोपीय संघाने २०२२ साली केलेल्या कायद्यानुसार मोबाइल, टॅब्लेट इत्यादींसाठी २८ डिसेंबर २०२४ पासून ती सक्तीची ठरवण्यात आली आणि लॅपटॉपांसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठेवण्यात आली.

तिच्यातला खरा बदल आकाराचा नाही, वागण्याचा आहे. गोल पिनचा अडॅप्टर समोर कोण आहे हे न विचारता १९ व्होल्ट पुढे करतो. टाइप-सीच्या वीजपुरवठ्याच्या पद्धतीत अडॅप्टर सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट देतो. मग आपल्याला काय काय देता येईल याची यादी कळवतो: ५ व्होल्ट, ९ व्होल्ट, १५ व्होल्ट, २० व्होल्ट, आणि प्रत्येकाला इतके इतके अँपिअर. लॅपटॉप त्यातले एक मागतो आणि अडॅप्टर ते देतो. लेबल वाचण्याचे काम यंत्रांनी आपसांत वाटून घेतले, असे म्हणायला हरकत नाही. व्होल्ट चुकण्याची भीती त्यामुळे बरीच कमी झाली.

पण वॉटची जबाबदारी अजून आपल्यावरच आहे. एकाच दिसण्याच्या तोंडामागे मोबाइलचा २० वॉटचा चार्जर असू शकतो किंवा लॅपटॉपचा १०० वॉटचा अडॅप्टर. २० वॉटच्या चार्जरने लॅपटॉप बिघडणार नाही. तो सावकाश भरेल किंवा मुळीच भरणार नाही. केबलही तपासावी लागते. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंतची असते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉट. त्यापुढे जायचे तर ५ अँपिअरची, आत ओळखीची चिप असलेली केबल हवी, आणि दोन्ही केबली दिसायला सारख्याच! २०२१ साली या पद्धतीची मर्यादा ४८ व्होल्ट आणि २४० वॉटपर्यंत वाढवण्यात आली, त्यामुळे केबलींचे प्रकारही वाढले. दोन तोंडांच्या अडॅप्टरवर ‘६५ वॉट’ लिहिलेले असेल तर ते बहुधा दोन्ही तोंडांचे मिळून असते. लॅपटॉपसोबत मोबाइलही लावला की लॅपटॉपच्या वाट्याचे वॉट कमी होतात.

लेबल खरे कशावरून?

इथवर आपण लेबल खरे आहे असे धरून चाललो. ते खोटे असेल तर? मूळ कंपनीचे नाव छापलेले, पण भलत्याच ठिकाणी बनलेले अडॅप्टर बाजारात मिळतात. त्यांची काळजी केवळ लॅपटॉपसाठी करायची नाही. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या लाटेचा माथा ३२५ व्होल्टच्या आसपास असतो. अडॅप्टरच्या आत त्या बाजूला साधारण एवढेच व्होल्ट असतात, आणि दुसऱ्या बाजूला, जिथे मुलांची बोटे लागतात, १९ व्होल्ट. दोन्हींच्या मध्ये एक लहानसा ट्रान्सफॉर्मर, काही मिलिमीटरची मोकळी जागा आणि सुरक्षेच्या खास कसोटीला उतरलेले काही घटक असतात. किंमत उतरवण्यासाठी ही जागा आणि हे घटक कापले, तरी अडॅप्टर चालतो, व्होल्टही बरोबर दाखवतो. दोष उघड होतो तो अपघाताच्या दिवशी.

याविरुद्ध ग्राहकाच्या हाती एक साधन आहे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश भारतात २०१२ साली निघाला. पुढे त्या यादीत संगणकीय उपकरणांचे अडॅप्टरही आले. लेबलावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, मानकाचा क्रमांक आणि इंग्रजी आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. हा क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर तपासता येतो. चिन्हही खोटे छापता येते, म्हणून क्रमांक तपासणे महत्त्वाचे. वजनावरून पारख करण्याची जुनी रीत मात्र आता सोडून द्यावी. गॅलियम नायट्राइडचे नवे अडॅप्टर लहान आणि हलके असूनही उत्तम असू शकतात.

तीन पिनांच्या अडॅप्टरची तिसरी पिन भूसंपर्काची. ती मोडून किंवा दोन पिनांचा जोड लावून अडॅप्टर वापरला, तर धातूच्या लॅपटॉपला हात लावताच कधी कधी झिणझिण्या येतात. अडॅप्टरच्या दोन बाजूंना जोडणाऱ्या एका लहान कॅपॅसिटरमधून अगदी थोडी विद्युतधारा झिरपत असते, ती भूसंपर्काऐवजी आपल्या हातातून वाट काढते. चांगल्या अडॅप्टरमध्ये ती धोक्याच्या पातळीच्या खूप खाली असते. पण या झिणझिण्यांचा अर्थ आपल्या वर्गातल्या प्लगला भूसंपर्क नाही असा असू शकतो, आणि ते आधी तपासून घ्यावे.

निष्कर्ष

नवा अडॅप्टर घेण्यापूर्वी भिंतीपासून ठोकळ्यापर्यंतची सुटी वायर बदलून पाहावी. पुष्कळदा दोष तेवढाच असतो. मग क्रमाने पाहावे: बाहेर जाणारे व्होल्ट तेच, धन-ऋण तेच, अँपिअर तितके किंवा अधिक, पिन तीच, ओळखीची सुई असल्यास तीही, आणि नोंदणी क्रमांक खरा. टाइप-सी असेल तर वॉट आणि केबल. नुसते मल्टिमीटरने व्होल्ट मोजून अडॅप्टर चांगला ठरवू नये. काहीच जोडलेले नसताना आजारी अडॅप्टरही १९.५ व्होल्ट दाखवू शकतो. खरी परीक्षा भार पडल्यावर होते.

तीन मजकुरांविषयी आमचे मत असे. लेबल प्रामाणिक असेल तर त्यावर पुरेशी माहिती असते, पण पाळायचा आकडा कोणता आणि मर्यादा कोणती हे ते वेगळे करून दाखवत नाही. कंपनीचे वाक्य आज्ञा देते, कारण देत नाही. पाठ्यपुस्तक कारणे देते, पण ती या काळ्या ठोकळ्यापर्यंत आणून पोचवत नाही. पहिल्या दोन गोष्टी बदलणे शिक्षकांच्या हातात नाही. तिसरी आहे, आणि तिला खर्चही नाही. विद्यार्थ्यांना सांगावे की घरातल्या पाच अडॅप्टरांची लेबले, प्लगमधून काढून, वहीत उतरवून आणा: मोबाइल, राउटर, सेट टॉप बॉक्स, असेल तर लॅपटॉप, जे सापडेल ते. फळ्यावर कोष्टक करावे. शेवटच्या रकान्यात एकच प्रश्न ठेवावा: यातले कोणते दोन एकमेकांच्या जागी चालतील, कोणते चालणार नाहीत, आणि का? या ‘का’चे उत्तर देऊ शकणारा विद्यार्थी दुकानातल्या ‘चालेल’लाही नम्रपणे तोच प्रश्न विचारील.